गाडी बदलता बदलता किल्ला

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही पुण्याहून येतोय, ग्वाल्हेरला सकाळी साडेआठला उतरणार आणि पुढे इटाव्याला नणंदेकडे जायची गाडी दुपारी अडीचला. मधले सहा तास वेटिंग रूममध्ये काढायचे का किल्ला बघायचा यावरून घरात दोन पार्ट्या पडल्यात. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात, मुलगा पाचवीत, शिवाय तीन बॅगा. नेटवर बघितलं तर किल्ला, जयविलास राजवाडा, तानसेनची समाधी, सूर्यमंदिर सगळंच दाखवतायत. नक्की काय काय होईल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : किल्ला होईल. फक्त किल्ला. बाकीचं सगळं पुढच्या खेपेला, आणि हे मी इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्म काढलेली बाई म्हणून सांगतेय.

कारण तुमचे सहा तास सहा नाहीत हो. गाडी अर्धा तास लेट धरा, पुढच्या गाडीआधी पाऊण तास स्टेशनात हवेत, बॅगा ठेवणं, तोंड धुणं, चहा यात अर्धा तास, जाण्यायेण्यात तास. उरले सव्वातीन. तेवढ्यात किल्ला छान होतो पण मध्ये जयविलास घुसवलात तर दोन्हीकडे नुसते फोटो काढून पळायचं. बॅगांना कुलपं लावून आणा, क्लोकरूममध्ये बिनकुलपाची बॅग घेत नाहीत आणि तिकीटही दाखवावं लागतं.

आता मुद्द्याचं. किल्ल्याला दोन बाजूंनी जाता येतं. पश्चिमेला उरवाई गेट, तिथून गाडी थेट वर जाते. पूर्वेला किला गेट, म्हणजे जुन्या ग्वाल्हेर गावाकडून, तिकडून फक्त पायी, खडा चढ. बाहेरचे लोक एक तर उरवाईनेच वर जाऊन उरवाईनेच परत येतात, किंवा जोशात खालून चढायला घेतात आणि वर पोचेपर्यंत गळून जातात. माझ्या आत्येभावाला मी स्वतः मे महिन्यात दुपारी १ वाजता खालून चढवलं होतं (अक्कल गहाण ठेवली होती म्हणा), वरच्या दरवाज्यापर्यंत, म्हणजे हत्ती पोलपर्यंत, पाण्याच्या दोन्ही बाटल्या संपल्या आणि त्याने मान मंदिर महाल एका सावलीत बसूनच बघितलं, अजून ऐकवतो.

तर युक्ती अशी की उरवाईने चढायचं आणि किला गेटने उतरायचं. स्टेशनबाहेर टॅक्सी वेटिंगसकट ठरवा. उरवाईच्या घाटात वळणावर डोंगर कोरून काढलेल्या जैन मूर्ती लागतात, तोमर राजांच्या काळातल्या, पंधराव्या शतकातल्या, त्यातली सगळ्यात मोठी तर ५७ फुटांच्या आसपास आहे. तिथे दहा मिनिटं थांबाच. बाबराने त्या फोडायचा हुकूम दिला होता, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, बऱ्याच मूर्तींचे चेहरे नंतर चुन्याने पुन्हा केलेत, नीट बघितलं तर कळतं.

वर गेल्यावर आधी गुरुद्वारा, दाता बंदी छोड. गुरू हरगोविंदांना जहांगीरने याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं आणि सुटताना ते आपल्याबरोबर ५२ राजांना सोडवून घेऊन गेले असं सांगतात. सासूबाईंना इथे बसवा. सावली, पाणी, स्वच्छ जागा आणि लंगर, डोक्यावर पदर किंवा रुमाल मात्र हवा. माझ्या मते म्हाताऱ्या माणसाला घेऊन येणाऱ्यांसाठी किल्ल्यावरची सगळ्यात कामाची जागा हीच, आणि नेटवरच्या यादीत ती सगळ्यात खाली असते. तोवर तुम्ही जवळचं तेली का मंदिर बघून या, प्रतिहार काळातलं, उंच म्हणजे मान मोडेपर्यंत उंच, साधारण ३० मीटर. मग सास-बहूची देवळं. गाइड लोक सासू विष्णूची आणि सून शंकराची अशी गोष्ट रंगवून सांगतील, ऐका आणि सोडून द्या, मूळ नाव सहस्रबाहू म्हणजे विष्णूचं, ते लोकांच्या तोंडी घासून घासून सास-बहू झालं. मोठं देऊळ १०९३ मधलं, कच्छपघात राजा महिपालाच्या वेळचं. शिखर राहिलेलं नाही पण आतले खांब बघा, आणि पाठीमागून अख्खं शहर दिसतं तेही.

शेवटी मान मंदिर. मानसिंग तोमरने बांधलेला महाल, त्याचं राज्य १४८६ ते १५१६. लोक आत धावतात, खाली तळघरांचे मजले आहेत जे पुढे मुघलांनी कैदखाना म्हणून वापरले, औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, याच किल्ल्यात ठेवून १६६१ मध्ये मारवलं. ते बघा, पण पाचवीतल्या मुलाला बाहेरची भिंत आधी दाखवा. निळ्या पिवळ्या टाइल्समध्ये बदकांची रांगच्या रांग आहे, हत्ती, मगरी, केळीची झाडं. पाचशे वर्षांचा निळा रंग आणि अजून असा की कालच लावलाय. माझी लेक लहान असताना बदकं मोजायला लागली होती, चाळिसाच्या पुढे चुकली आणि रडली.

आता दोन पार्ट्या करा. एकजण सासूबाईंना घेऊन टॅक्सीने उरवाईने खाली जाऊन वळसा घालून किला गेटला येईल, दुसरा मुलाला घेऊन हत्ती पोलातून पायी उतरेल, वीस-पंचवीस मिनिटं. खाली गूजरी महाल लागतो, त्यात म्युझियम आहे, वेळ उरला तर शालभंजिकेची मूर्ती बघा, सोमवारी बंद असतं.

आणि टॅक्सीवाल्याला "गेटवर ये" असं सांगू नका, "किला गेट" असं तोंड भरून सांगा. आमच्याकडच्या पाहुण्यांचं हेच झालं होतं, तो उरवाईला उभा, आम्ही किला गेटला, फोनवर दोघंही "गेटपेच हूं" म्हणतोय आणि अकरा मिनिटांनी गाडी चुकली.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक. इंदूरहून दिल्लीला जाताना ग्वाल्हेरला चार तास उतरायचा विचार आहे, ते फक्त शून्य बघायला. जगातलं पहिलं शून्य तिथे आहे म्हणतात, ते खरं का? आणि नेमकं कुठे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : सर, वर ज्या उतरणीबद्दल लिहिलंय त्याच वाटेवर आहे, चतुर्भुज मंदिर. अख्खं देऊळ एकाच खडकात कोरलेलं आणि इतकं छोटं की लोक बोलत बोलत पुढे निघून जातात. आत भिंतीवर शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६. त्यात देवळाला दिलेल्या बागेचं माप आहे, २७० हात बाय १८७ हात, आणि देवाला रोज ५० माळा द्यायच्या असं लिहिलंय. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य तुम्हाला बघायचंय, बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक, छोटंसं गोल, पण आपण आज काढतो तसंच. मला त्यातलं आवडतं ते हे की कुणी मोठा सिद्धांत म्हणून नाही लिहिलंय, फुलांचा हिशोब आहे.

जगातलं पहिलं मात्र नाही, कंबोडियातल्या एका शिलालेखात इ.स. ६८३ चं शून्य आहे, पण तिथे ते ठिपक्यासारखं आहे. आपल्याकडे दगडावर तारखेसकट कोरलेल्या शून्यांमध्ये हे फार जुनं आणि सगळ्यात नावाजलेलं. अक्षरं पुसट आहेत आणि आत अंधार असतो, मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरा, समोरून मारलात तर काही दिसत नाही. कधीकधी दाराला कुलूप असतं, तेव्हा आसपास चौकीदार असला तर विचारा. तुमच्यासाठी खालून चढणं बरं, देऊळ वाटेतच आहे, वरपर्यंत जायचीही गरज नाही. चार तास पुष्कळ झाले.

प्रश्न : बडोद्याहून निघालोय, मध्ये फक्त दोन तास आहेत, एकटाच आहे, सॅक पाठीवर. पळत पळत किल्ला होईल का?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : नाही. वर पोचेपर्यंतच परतायची वेळ होईल. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, स्टेशनपासून जवळ, तिथे जा. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळच्या लढाईत राणी पडल्या. अर्धा तास निवांत बसा, किल्ला शहरातून दिसतोच. येताना बेडई (डाळीची पुरी) आणि बटाट्याची भाजी खा. थंडीत आलात तर तिळाची गजक घ्या, पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या धुक्याने कितीही लेट होतात, तेव्हा दोन्ही तिकिटांचे पीएनआर आधीच लिंक करून ठेवा, पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली तर तिचे पैसे परत मागता येतात.