कच्चा सेक्शन दरवर्षी मलाच का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदूरची, माहेर महूचं. एमएस्सी मॅथ्स आहे, एका प्रायव्हेट शाळेत सहा वर्षं शिकवतेय. आडनावावरून जात कळली तेव्हापासून स्टाफरूममधे ‘तुम्हारे यहाँ मैथ्स कहाँ से आया’ असं हसत हसत ऐकवतात, आणि नववीचा कच्च्या पोरांचा सेक्शन दरवर्षी मलाच, दहावी कधीच नाही. अशातून वर आलेलं गणितातलं कोणी आहे का हो? की सोडून देऊ?
– एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : सोडू नकोस गं. पत्र वाचून आधी संताप आला. स्टॅटिस्टिक्स घेतलं असशील तर राव-ब्लॅकवेल थिअरम माहीत असेलच, त्यातले राव म्हणजे आपले सी. आर. राव आणि दुसरे डेव्हिड ब्लॅकवेल, काळे अमेरिकन, २२व्या वर्षी पीएचडी, तरी १९४२च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कले युनिव्हर्सिटीत नोकरी अडली ती रंगामुळे, मग दहा वर्षं हॉवर्ड या मुख्यतः काळ्या विद्यार्थ्यांच्या युनिव्हर्सिटीत शिकवलं आणि शेवटी त्याच बर्कलेत प्रोफेसर, विभागप्रमुखसुद्धा झाले.

पण तुला जास्त जवळच्या वाटतील त्या युफेमिया हेन्स. गणितात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या काळ्या अमेरिकन बाई, १९४३. वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांत ४७ वर्षं शिकवलं. तिथे तेव्हा ट्रॅक सिस्टीम होती, म्हणजे टेस्ट घेऊन पोरांना लहानपणीच वेगवेगळ्या रांगेत टाकायचं, खालच्या रांगेला कॉलेजच्या तयारीचा अभ्यास मिळायचाच नाही, आणि त्या रांगेत काळी नि गरीब पोरंच जास्त. बाई त्याविरुद्ध बोलत राहिल्या, १९६६मधे तिथल्या शिक्षण मंडळाच्या अध्यक्ष झाल्या, आणि १९६७मधे कोर्टाने ती सिस्टीम भेदभावाची ठरवली. महूच्या मुलीला हे वेगळं समजावून सांगायला नकोच, १४ एप्रिलची गर्दी बघत मोठी झालीयस तू.

तुला तो सेक्शन कमी लेखून दिला असेल, पण त्या पोरांनाही कोणीतरी कमी लेखूनच तिथे बसवलंय ना? म्हणून पहिलं पत्र त्यांच्यासाठी लिही, कोणत्या टेस्टवर, किती मार्कांवर ही पोरं खाली आली आणि वर जायचा रस्ता काय, हे प्रिन्सिपलना लेखी विचार. दहावीसाठी वेगळा अर्ज दे, सहा वर्षांचे रिझल्ट जोडून. आणि स्टाफरूममधलं प्रत्येक वाक्य तारखेसकट डायरीत लिहून ठेव, हसत बोललं तरी अपमानच तो. दोन्ही अर्जांची पोच घे, तोंडी ‘देखते हैं’वर परत येऊ नकोस.