कोरी चकती, कोरी टाइल

नागपूरच्या इतवारी बाजारात कुणी 1992 चा कोरा, म्हणजे ठसाच न उमटलेला रुपया 'टकसाळीची चूक' म्हणून दाखवत असेल, तर थांब जरा, बावा. घासून गुळगुळीत केलेलं नाणंही तसंच दिसतं. आधी सराफाच्या काट्यावर ठेव. त्या स्टीलच्या रुपयाचं वजन 4.85 ग्रॅम, व्यास 25 मिलिमीटर. ठसा पडायचा राहिलेली खरी चकती जवळपास तेवढीच भरते, घासलेली कमी. मग भिंग लाव. पत्र्यातून कापलेल्या चकतीची कड आधी दाबून उचलतात, ठसा नंतर पडतो. म्हणून उठलेली कड असेल किंवा नसेलही. पण कानशीच्या रेघा किंवा अंकाची पुसट सावली दिसली, की सरळ चालायला लाग.

वजन जुळलं तरी ती टकसाळीतलीच कशावरून? कोऱ्यावर साल नाही, टकसाळीची खूण नाही. विकणारा 'सालासकट' भाव सांगतो, त्याचं मला नेहमी हसू येतं. त्यापेक्षा अर्धवट ठसा उमटलेलं नाणं घे, त्याच्या अंगावरच पुरावा असतो.

स्क्रॅबल या अक्षरांच्या टाइल लावून शब्द बनवायच्या खेळात उलटं. तिथं कोरी टाइल कुठल्याही अक्षराच्या जागी चालते, म्हणून कोरीच मोलाची. इंग्रजी संचाच्या 100 टाइलांत कोऱ्या दोनच, गुण शून्य. नवखे त्या दहा-बारा गुणांसाठी उधळतात, काहून कोण जाणे! सातही टाइल एकदम लावल्या तर 50 गुण जास्तीचे. कोरी त्यासाठी राख. आणि हो, प्रत्येक टाइलची पाठही कोरीच असते. समोरच्याने मांडलेल्या कोरीची शंका आली, तर उलटून बघायला लाजू नको.