मंगोल काळावर किशोरांसाठी शोकान्त प्रेमकथा लिहायची आहे. चंगीज खान आणि बोर्ते सोडून एखादं खरं कथानक सुचवाल का?

किशोरांसाठी, शोकान्त आणि खरं म्हटलंत, म्हणजे माझ्या मते तीन अटी आल्या: नायिका सतरा-अठराची हवी, शेवट रडवणारा हवा आणि इतिहास शक्यतो खरा हवा. या तिन्हींत बसणारी एक मुलगी मला माहीत आहे. तिचं नाव कोकोचिन. मंगोल भाषेत ‘कोको’ म्हणजे निळा, आभाळाचा रंग.

बोर्तेला तुम्ही वगळलंत ते बरंच झालं. तिला मेर्किट या शत्रू टोळीने पळवलं, तेमुजिनने (म्हणजे चंगीजनेच) लढून परत आणलं, थोरला मुलगा जोची नक्की कुणाचा हा सल घरात कायमचा राहिला, हे सगळं खरं. पण शेवटी ती साम्राज्याची थोरली राणी झाली. हिला शोकान्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कोकोचिनची गोष्ट सुरू होते दुसऱ्याच बाईच्या मरणाने. इराणवर तेव्हा अर्घून नावाचा इलखान राज्य करत होता, चीनवर राज्य करणाऱ्या कुबलाई खानाच्या भावाचा नातू. १२८६ साली त्याची लाडकी राणी बुलुघान खातून वारली. तिची शेवटची इच्छा अशी की माझ्या जागी माझ्याच कुळातली मुलगी बसावी. कूळ होतं बायाउत, आणि त्या कुळातल्या मुली होत्या पार चीनच्या बाजूला, कुबलाईच्या दरबारी. अर्घूनने तीन दूत धाडले. कुबलाईने कोकोचिनला निवडलं. व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो सांगतो की ती १७ वर्षांची होती, देखणी आणि शहाणी. तिला कुणी विचारलं का, हे तो सांगत नाही.

(वाचकांसाठी एक खुलासा कादंबरीत कुठेतरी नक्की टाका. आपल्याकडे ‘खान’ म्हटलं की आडनाव आणि धर्म दोन्ही डोळ्यांसमोर येतात. इथे खान ही राजाची पदवी आहे आणि खातून ही राणीची. चंगीज पुजायचा तो तेंग्रीला, म्हणजे आभाळाला.)

वऱ्हाड आधी खुष्कीच्या मार्गाने निघालं. आठ महिने चालून परत फिरलं, कारण वाटेत मंगोलांचीच आपसात लढाई पेटलेली. त्या काळात मध्य आशियात कुबलाईशी उभा दावा मांडून बसला होता त्याचा चुलत पुतण्या कैदू. या कैदूची मुलगी खुतुलून, पुरुषांना कुस्तीत चीत करणारी. तिच्याशी लग्न करायचं तर आधी तिला पाडायचं. हरलात तर शंभर घोडे द्यायचे. पोलोच्या म्हणण्याप्रमाणे तिच्याकडे असे दहा हजारांवर घोडे जमले होते. लेखकांना ही मुलगी फार आवडते. तिला नायिका करायचा मोह तुम्हालाही होईल, पण तो आवरा. तिच्या बापाच्या युद्धामुळे एका दुसऱ्या मुलीची वाट बंद झाली, इतकीच तिची सावली कथेवर पडू द्या. पुढे ती परत येणार आहेच.

मग समुद्र. गवताळ माळावरची माणसं, ज्यांचं सगळं आयुष्य घोड्याच्या पाठीवर, ती झैतूनच्या बंदरात (आजचं चीनमधलं त्सुआनचौ) चौदा जहाजांवर चढली. हे साधारण १२९१ चं. खलाशी सोडून ६०० माणसं. बरोबर तीन पोलो: मार्को, त्याचा बाप आणि काका.

तुमचा नायक मला इथे सापडतो, तोही एका सरकारी कागदात. पंधराव्या शतकातल्या योंगल विश्वकोशात १२९० सालचा एक कागद नकलून ठेवलेला आहे. अर्घूनचे तीन दूत माबार मार्गे, म्हणजे आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरून, परत जाणार असल्याचा. यांग चिजिऊ या चिनी इतिहासकाराने १९४१ साली तो उजेडात आणला. त्यात पोलोंचं नाव नाही, पण दूतांची नावं पोलोने दिलेल्या नावांशी जुळतात. कागदाचा विषय काय, तर शिधा! दूतांबरोबर १६० माणसं, त्यातल्या ९० जणांना सरकारी शिधा मिळतोय. उरलेली ७० जणं कुणी भेट दिलेली किंवा विकत घेतलेली आहेत, त्यांना शिधा देऊ नये अशी विनंती. ज्यांची नावंसुद्धा लिहायची गरज वाटली नाही अशा त्या सत्तरांमधला एक मुलगा घ्या. राजकुमार, सेनापती वगैरे नको. ज्याला शिधा नाकारला गेलाय असा.

सुमात्राला वारा फिरेपर्यंत पाच महिने अडकून पडावं लागलं. माणसं खाणाऱ्या टोळ्यांच्या भीतीने त्यांनी तळाभोवती खंदक खणला, लाकडी बुरूज उभारले. प्रेम फुलायला असा सक्तीचा मुक्काम कुठल्या लेखकाला आयता मिळतो? आणि पोलो एक बारीकशी गोष्ट नोंदवतो: तिथून ध्रुवतारा दिसत नाही. मंगोल लोक ध्रुवताऱ्याला ‘अल्तन गदास’ म्हणतात, सोन्याची मेख. घोडा बांधायची असते तशी. आता १७-१८ वर्षांची माळावरची मुलगी रात्री वर बघते आणि आभाळाची मेखच उपटलेली आहे. माझ्या मते पुस्तकाचा सगळ्यात चांगला प्रसंग हा ठरेल, आणि त्यात कुणी कुणाचा हातही धरायची गरज नाही.

पुढचे अठरा महिने हिंदी महासागर. (पोलोच्या ग्रंथात ठाण्याचं राज्य येतं: चाच्यांनी लुटलेले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा, असा करार. म्हणून जहाजं ठाण्याला लावू नका, कृपा करून. वाचक हसतील.)

इराणला पोचेपर्यंत त्या ६०० जणांतले किती उरले? हस्तलिखिताप्रमाणे आकडा बदलतो, कुठे ८, कुठे १८. तीन दूतांपैकी एकटा खोजा जगला. आणि एका पाठात असं वाक्य आहे की बायकांमधली मात्र एकच दगावली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. म्हणजे ज्या कुणावर तिचं मन बसलं असेल तो बहुतेक वाचलाच नसणार. पुरुष का मेले, याचं कारण पोलो देत नाही. तुम्हीही एकच एक कारण देऊ नका. एकेक करून कमी होऊ द्या.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो अर्घूनही मेलेला! मार्च १२९१ मध्येच. दीर्घायुष्यासाठी एका हिंदुस्थानी योग्याने दिलेलं पारा-गंधकाचं औषध तो आठ महिने घेत होता, असं त्या काळचा इराणी इतिहासकार रशीद अल-दीन लिहितो. पारा-गंधक खलून केलेली कज्जली आपल्या वैद्यांना परकी नाही, पण तिने त्याचं आयुष्य काही वाढलं नाही. गादीवर बसलेल्या भावाने, गायखातूने, सांगितलं की मुलगी अर्घूनच्या मुलाला द्या. तो गाझान, तेव्हा बावीसच्या आतबाहेरचा, खुरासानच्या सरहद्दीवर. १२९३ मध्ये लग्न झालं.

इथे एक चूक हमखास होते. बापासाठी आणलेली मुलगी मुलाने केली, म्हणून आपल्याला धक्का बसतो. मंगोलांना बसत नव्हता. बाप गेला की सख्खी आई सोडून त्याच्या बायकांशी मुलाने लग्न करणं ही त्यांची रीत. तेव्हा ‘हा अन्याय आहे!’ असं नायिकेच्या तोंडी घालू नका. तिचं दुःख वेगळ्या जागी आहे: तीन वर्षं ती ज्या नावाकडे चालली होती ते नाव निघण्याच्या सुमारासच पुसलं गेलं होतं.

आणि खुतुलून? रशीद लिहितो की ती या गाझानलाच निरोप पाठवायची, करीन तर तुझ्याशीच लग्न करीन म्हणून. रशीद हा गाझानचाच वजीर, तेव्हा धन्याचा मान वाढवणारी गोष्ट म्हणून थोडी चाळून घ्या. पण कादंबरीला सोन्यासारखी आहे. जिला गाझान हवा होता तिला तो मिळाला नाही, आणि जिला मिळाला तिने त्याचं नावही मनात आणलं नव्हतं.

कोकोचिन १२९६ साली वारली. पोलोने दिलेलं वय धरलं तर तेविशीच्या आसपास. पण मी शेवट मृत्यूवर करणार नाही. पोलो सांगतो की ते तिघे पोलो निघाले तेव्हा ती बापापासून तुटावी तशी रडली. शेवटचं पान तिथलं असू द्या. मंगोल बाई लग्नानंतर डोक्यावर बोग्ता घालायची, सालीच्या सांगाड्यावर रेशीम चढवलेला हातभर उंच शिरपेच. तो सांभाळायचा तर मान ताठच ठेवावी लागते. नव्यानेच घातलेला बोग्ता, समोरून जाणारे तीन घोडे, आणि खाली मान घालून रडायचीही सोय नाही.