गाडी सरळ, स्टेअरिंग वाकडं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भाऊ, माह्याकडं 2020 ची अल्टो हाये. पावसाळ्यात आमच्या पांदण रस्त्यावर डावं चाक खड्ड्यात जोरात आदळलं, तवापासून गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग डावीकडं दोन बोटं वाकडं राह्यते. तालुक्याले जाऊन कॉम्प्युटर अलाइनमेंट केली, 400 रुपये गेले, कागदावर सगळे आकडे हिरवे अन् स्टेअरिंग जसंच्या तसं. आता गावातला मेकॅनिक म्हन्ते की स्टेअरिंगच काढतो अन् एक दात सरकवून बसवतो, दहा मिनिटाचं काम. करू का?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : नका करू भाऊ. मी एकदा केलंय म्हणून सांगतो. आमच्या जुन्या गाडीचं स्टेअरिंग असंच एका दुकानात सरकवून घेतलं होतं, सरळ दिसायला लागलं म्हणून खुश झालो, आणि मग लक्षात आलं की उजवीकडं वळण घेतलं की इंडिकेटर मधेच बंद पडतो आणि चार दिवसांनी एअरबॅगचा लाइट लागला तो विझेचना. तुमची गाडी 2020 ची म्हणजे ड्रायव्हरची एअरबॅग असणारच, जुलै 2019 पासून ती सक्तीची आहे. स्टेअरिंगच्या मागं एअरबॅगला जोडणारी, क्लॉक स्प्रिंग म्हणून गुंडाळलेली पट्टीसारखी वायर असते, ती मध्यावर नसली तर फुल वळवताना एका बाजूला ताणून तुटते.

आता मुळात वाकडं होतं कशानं ते बघा. बंडीची चाकं सरळ चालतात पण दांडी तिरपी बसलीय, असा प्रकार आहे हा. स्टेअरिंगखाली रॅक, म्हणजे डावी-उजवीकडं सरकणारी दातेरी दांडी, रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड, टाय रॉड चाकाला धरून. स्टेअरिंग साधारण 16-17 डिग्री फिरलं तेव्हा चाक एक डिग्री फिरतं, म्हणून तुमचं दोन बोटांचं वाकडेपण चाकापाशी अर्ध्या-पाऊण डिग्रीचं आहे. एवढं तर डावा टाय रॉड नाही तर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) थोडा वाकला तरी होतं, आणि तुमचं डावं चाकच आदळलंय ना.

म्हणून आधी ते बघा. चाकांना दगड लावा, जॅक चढवा, खाली टेकू द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चाक डावी-उजवी कड धरून हलवा, खडखड आली तर टाय रॉडचा एंड गेलाय. वर-खाली धरून हलवलं आणि खेळ लागला तर बॉल जॉइंट नाही तर बेअरिंग. मग दोन्ही बाजूचे टाय रॉड शेजारी शेजारी नजरेखाली घ्या, एक जरा कमानीसारखा दिसला तर तो बदलायचाच, वाकलेला रॉड फिरवून आकडे हिरवे करता येतात पण तो रॉड पुढच्या खड्ड्यात दगा देतो. लोअर आर्मपण बघून घ्या.

आणि कागद हिरवा कसा आला? मशीन चाकं मोजते ती त्यावेळी स्टेअरिंग जिथं धरलंय तिथं. दुकानातलं पोरगं स्टेअरिंग हलू नये म्हणून लावायचा लॉक लावायचं विसरलं, किंवा लॉक लावला पण मुळात स्टेअरिंग मध्यावर नव्हतं, की चाकं बरोबर आणि स्टेअरिंग वाकडं, हिरवंच येणार सगळं. दुसरं म्हणजे चारही चाकांना सेन्सर लावले होते का हे विचारा. मागचा अॅक्सल जरा तिरपा असला तर गाडी खेकड्यासारखी चालते, आणि नुसती पुढची चाकं मोजून ते कळत नाही. घरच्या घरी बघायचं तर सरकी टोबताना लावतो तशी दोरी घ्या, मागच्या टायरच्या बाजूनं ताणून पुढच्या टायरपर्यंत न्या, पुढची चाकं सरळ ठेवून. पुढं जो फरक दिसेल तो डाव्या-उजव्या बाजूला सारखा पाहिजे.

स्टेअरिंग आधी कुणी काढलंय का हेपण तपासता येतं. इंजिन चालू करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, फेऱ्या मोजा, अर्ध्यावर आणा. तिथं स्टेअरिंग सरळ असलं तर स्टेअरिंगचा दोष नाही, टाय रॉडचा नाही तर आर्मचा आहे. तिथंच वाकडं दिसलं तर आधीच कुणीतरी दात सरकवलाय, मग ते पहिल्यासारखं बसवायचं काम बॅटरी काढून, जाणत्या माणसाकडूनच.

दुरुस्ती अशी की स्टेअरिंग सरळ लॉक करायचं आणि दोन्ही टाय रॉड उलट दिशेनं सारखेच फिरवायचे. एक जेवढा लांब तेवढा दुसरा आखूड, म्हणजे एकूण टो (पुढची दोन चाकं एकमेकांकडं किती तिरपी आहेत ते) बदलत नाही. रॅक चाकाच्या मध्याच्या मागं असला तर (छोट्या गाड्यांत बहुधा असतो, वाकून बघा) तुमच्यासारखं डावीकडं वाकडं असताना डावा आखूड आणि उजवा लांब. आधी लॉकनटजवळ खडूनं खूण करा, पाव फेरा द्या, चालवून बघा. आणि रबर बूटची (रॉडवरच्या रबरी कव्हरची) क्लिप ढिली केल्याशिवाय रॉड फिरवू देऊ नका, बूट पिळतो, फाटतो, आपली काळी माती आत शिरली की रॅक गेला. हे सगळं स्वतः करायला लागू नका, मशीनवर करून घ्या, पण उभं राहून करून घ्या.

टेस्टला समृद्धीवर जाऊन हात सोडू नका बाप्पा. रिकाम्या गावरस्त्याच्या मधोमध, हात ढिले ठेवून. डांबरी रस्त्याला 2 ते 2.5 टक्के आडवा उतार असतो पाणी जायला, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनमध्ये 7 ते 9 सेंटिमीटर, त्यामुळं डाव्या कडेनं चालवली की कुठलीही गाडी जरा डावीकडं जातेच.

प्रश्न : 70-80 च्या वर गेलं की स्टेअरिंग थरथरते, खाली आलं की बंद. अलाइनमेंट करू का?
– आर्णीहून एक ताई

उत्तर : ताई, थरथर म्हणजे बॅलन्सिंगचं काम, अलाइनमेंटचं नाही. पण पैसे द्यायच्या आधी चाकाच्या आतल्या बाजूनं हात घालून बघा. पावसाळ्यात शेतात गाडी जात असेल तर रिमच्या आत गारा चिकटून वाळतो, विटेसारखा. दुकानदार पाच-दहा ग्रॅमच्या शिशानं चाक बॅलन्स करतो, आणि तिथं पावशेर माती बसलेली. मागच्या वर्षी आमच्या गाडीतून जुन्या विळ्यानं खरवडली तर अर्धी टोपली निघाली चार चाकांची मिळून. एवढं करूनही थरथरली तर मग बॅलन्सिंग, आणि सोबत टायरवर हात फिरवून बघा, कुठं फुगवटा लागला तर ते टायर वापरूच नका, बदला.