मॅडम, कार्टूनमुळे होतं का हो असं?

मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न मला किती आयांनी (आणि दोन बाबांनी) विचारलाय याचा हिशोब नाही. हल्ली कार्टूनमध्ये दोन मुली प्रेमात पडलेल्या दाखवतात, ते बघून आमची पण तशी होईल का. परवा पुन्हा एकीचा मेसेज आला, म्हटलं आता एकदा लिहूनच टाकू. खालची केस जुनी आहे, मुलीला आणि घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलीला आपण सई म्हणू.

सई तेव्हा आठवीत. आई समोर बसली आणि मोबाईलवर सईच्या चित्रांच्या वहीचे फोटो दाखवायला लागली. वहीभर एकच जोडी, एक सावळी, आखूड केसांची आणि दुसरी जांभळ्या केसांची, टोकदार कानांची, हातात हात. आई हळूच म्हणाली, "मॅडम, या दोघी पण मुलीच आहेत हो."

सिरीज होती द आऊल हाऊस. डिस्नेची, 2020 ते 2023. लूझ नावाची मुलगी चेटकिणींच्या दुनियेत जाऊन पडते, तिथे अमिटी नावाच्या मुलीशी आधी खुन्नस मग मैत्री मग प्रेम. आईने वायफायचा पासवर्ड बदलला, वही कपाटावर टाकली आणि मे महिन्यातल्या दहा दिवसांच्या निवासी संस्कार शिबिराचे पैसे भरून टाकले. माझ्याकडे आली ती शिबिराच्या आधी "तुम्ही जरा समजावून ठेवा" म्हणून.

आता उत्तर. नाही, होत नाही. माझ्याकडे चाळिशी-पन्नाशीतले गे पुरुष येतात, ते सगळे रविवारचं रामायण आणि छायागीत बघून वाढलेत, त्यांच्यासमोर आयुष्यभर फक्त हिरो-हिरॉईनच नाचत होते, म्हणून ते बदलले का? बघून कुणी तसं होत नाही. फार तर जे आत आधीपासून आहे त्याला नाव मिळतं, किंवा वर्गातल्या दुसऱ्या कुणाला तसं असलं तर मूल त्याला चिडवत नाही.

आई म्हणाली आमच्या वेळच्या कार्टूनमध्ये नव्हतं असलं काही. होतं की! 1989 च्या लिटल मर्मेडमधली अर्सुला आठवते? तिचं रूप डिव्हाईन नावाच्या अमेरिकन ड्रॅग कलाकारावरून (म्हणजे बाईच्या वेशात कार्यक्रम करणारा पुरुष) घेतलेलं आहे, म्हणजे पोरं बघत होतीच, फक्त दुष्ट बाई म्हणून बघत होती. आणि जपानी सेलर मूनमध्ये हारुका आणि मिचिरू या दोन मुलींची सरळसरळ प्रेमातली जोडी, तर अमेरिकेसाठी इंग्रजी डबिंग करताना त्यांना चक्क चुलत बहिणी करून टाकलं. डायलॉग बदलले पण चित्रं तीच राहिली, त्यामुळे पडद्यावर दोन बहिणी एकमेकींकडे भलत्याच नजरेने बघतायत असा प्रकार झाला (आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत आहे ते वेगळं). हे सांगितल्यावर सईची आई पहिल्यांदा हसली.

मग एकदम गंभीर होऊन विचारलं, "पण असलीच तर? काही औषध-बिषध?" म्हटलं हा आजारच नाही तर औषध कसलं. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि आपल्याकडे नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्ये कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे समलैंगिक माणसाला "बदलायचे" उपचार, हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय. कुणी "बरं करून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका, पत्ता मला कळवा.

"ती तशी आहे का ते तरी सांगा." म्हटलं मला माहित नाही, तेराव्या वर्षी तिलाही माहित असेलच असं नाही, आणि ती मला काही बोलली तरी तुम्हाला सांगायचं की नाही ते ती ठरवणार. हे आईला आवडलं नाही, साहजिक आहे, फी त्या भरतात.

सई पहिल्यांदा आली तेव्हा पंधरा मिनिटं नुसती पेनाचं टोपण उघडबंद. मी म्हटलं, मी पहिला एपिसोड बघितला. "खोटं." अगं खरंच, ते घुबड लूझचं पुस्तक घेऊन पळतं आणि ही मागे धावते. तशी वर बघून म्हणाली, "मग तुम्हाला कळलं असेल."

मला काहीच कळलं नव्हतं. मी पण आईसारखीच त्या दोघींचं प्रेम शोधत बसले होते, आणि सईच्या डोक्यात होती लूझची आई. गोष्टीची सुरुवातच अशी आहे की मुलगी फार विचित्र वागते म्हणून आई तिला सुट्टीत एका कॅम्पला पाठवते, जरा ताळ्यावर यावी म्हणून. "सेम टू सेम शिबिर," सई म्हणाली, "पण नंतर तिच्या आईला वाईट वाटतं की का पाठवलं. माझी आई तिथपर्यंत पोचलीच नाही ना, तिने मधेच बंद केलं."

जाता जाता अजून एक बोलली. रात्री जेवताना घरी कॉमेडी शो लागतो, त्यात पुरुष साडी नेसून आला की बाबा खो खो हसतात आणि एक शब्द वापरतात. "मी पण हसते. नाही हसले तर विचारतील ना का हसत नाहीस." माझ्यासाठी अख्ख्या केसमध्ये हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं. आम्ही कार्टूनवर तीन सेशन घालवली आणि पोरगी घरात काय बोललेलं चालतं याचा अंदाज रोज जेवताना घेत होती.

सईच्या परवानगीने हे बाबांना सांगितलं. ते गप्प झाले, मग म्हणाले आम्ही आपलं गंमत म्हणून. पुढे ते किती बदलले देव जाणे, पण तो शब्द बंद झाला असं सई म्हणते.

आईला मी एकच काम दिलं, तिच्या शेजारी बसून सिरीज पहिल्यापासून बघायची आणि मधे कॉमेंट करायची नाही, भाजी निवडली तरी चालेल. तीन आठवड्यांनी फोन आला. मला वाटलं आता लूझ-अमिटीवरून तक्रार, तर बाई म्हणाल्या, "मॅडम, त्या लूझच्या आईला सगळे उगाच नावं ठेवतात हो, नवरा नाही, दिवसभर जनावरांच्या दवाखान्यात काम, तिला मुलीचं टेन्शन येणारच ना!" मागून सईचा आवाज, "आई, पुढचं सांगू नकोस त्यांना, त्यांनी बघितलं नाहीये अजून."

वही कपाटावरून खाली आली. शिबिराचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत, म्हणून सईच्या धाकट्या भावाला पाठवलं, आणि तो दुसऱ्याच दिवशी मला घरी न्या म्हणून फोनवर रडत होता.