लहान कुत्र्याचे दात घरच्या घरी स्वच्छ कसे ठेवायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: पॉमेरेनियन, वय 4 वर्षं, तोंडाला वास येतो, मागचे दात तपकिरी झालेत आणि ब्रश दिसला की तो तोंड फिरवतो. काय करावं?

सुरुवात ब्रशपासून करू नका, आधी पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्या. तुम्हाला दिसतोय तो तपकिरी थर म्हणजे कीटण. दातांवर काही तासांतच जंतूंचा मऊ, चिकट थर बसतो. तो ब्रशने सहज निघतो. पण तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि दोन-तीन दिवसांत तो कडक व्हायला लागतो. एकदा कीटण झालं की कितीही घासा, ते हलत नाही. उलट त्याखालची सुजलेली हिरडी दुखते आणि ब्रश म्हणजे दुखणं हे कुत्र्याच्या डोक्यात पक्कं बसतं. तो तोंड फिरवतो त्यामागे हट्टापेक्षा दुखणं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

लहान जातींत हा त्रास जास्त का? दात मोठ्या कुत्र्याइतकेच, 42. जबडा मात्र चिमुकला. मग दात दाटीवाटीने, काही तर आडवे येतात आणि मधल्या फटींत अन्न अडकतं. शिवाय दुधाचे सुळे अनेकदा पडतच नाहीत आणि एकाच जागी दोन सुळे चिकटून उभे राहतात. साधारण 7 महिन्यांपर्यंत दुधाचा दात पडला नसेल तर तो काढून घेणंच बरं. तुमच्या कुत्र्याच्या तोंडात असे जोडसुळे आहेत का, तेही तपासणीत विचारा. आणखी एक गोष्ट गंभीर आहे: इतक्या लहान खालच्या जबड्यात दातांच्या मुळांभोवती हाड मुळातच थोडं असतं. हिरड्यांच्या आजाराने ते झिजलं तर साध्या उडीनेही जबडा मोडू शकतो.

दवाखान्यातली सफाई भूल देऊनच करून घ्या. भूल न देता वरवर खरवडून दात पांढरे करून देणारे लोक असतात, पण रोग हिरडीच्या खाली असतो आणि तिथे जागं कुत्रं हत्यार पोचू देत नाही. नीट सफाईत हिरडीच्या वरचं-खालचं कीटण काढतात, दात आणि हिरडी यांमधली फट किती खोल आहे ते मोजतात, शक्यतो एक्स-रे काढतात आणि शेवटी पॉलिश करतात. पॉलिश राहिलं तर दाताचा पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि नवा थर लवकर धरतो. भुलीची भीती वाटणं साहजिक आहे. म्हणून हे आधीच विचारून घ्या: रक्ततपासणी करणार का, श्वासनलिकेत नळी घालणार का (तिच्यामुळे पाणी फुप्फुसात जात नाही), अंग गरम कसं ठेवणार आणि किती तास उपाशी ठेवायचं. इतकं लहान कुत्रं भुलीत चटकन गार पडतं आणि फार वेळ उपाशी ठेवलं तर त्याची साखर उतरू शकते. घरी नखाने किंवा धातूच्या हत्याराने कीटण खरवडू नका. दातावर चरे पडतात आणि हिरडी फाटते.

सफाईनंतर हिरड्या भरून आल्या, व्हेटने होकार दिला, की मग ब्रश. पहिले काही दिवस फक्त ओठ उचलायचा, दोन सेकंद थांबायचं, शाबासकी द्यायची. मग बोटावर पेस्ट लावून चाटू द्या. मग तेच बोट दातांवरून फिरवा. ते तो शांतपणे करू देत असेल तेव्हाच ब्रश आणा. यात तीन-चार आठवडे जातात आणि घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बोटात घालायचा रबरी ब्रश सवय लावायला ठीक, पण त्याचे जाड दाते हिरडीच्या कडेत शिरत नाहीत. तान्ह्या मुलांचा छोट्या डोक्याचा, अगदी मऊ ब्रश सगळ्यात चांगला.

कुत्र्याला मांडीवर, पाठ तुमच्या पोटाला टेकवून बसवा. समोरून वाकून तोंड धरलं की तो घाबरतो. जबडा उघडायची गरज नाही. तोंड मिटलेलं असू द्या, ओठाचा कोपरा वर आणि मागे सारा. वरच्या बाजूला मागे एक मोठा, टोकदार दात दिसेल. लाळेच्या ग्रंथीचं तोंड त्याच्याजवळ उघडतं म्हणून कीटण सर्वांत आधी तिथेच धरतं. तिथूनच सुरुवात करा, म्हणजे त्याचा धीर सुटेपर्यंत मुख्य काम झालेलं असेल. ब्रश 45 अंशांत तिरपा, अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर. हलक्या हाताने लहान गोल फिरवा. मग सुळे, मग पुढचे. आतली बाजू जीभ बरीचशी साफ ठेवते, सुरुवातीला ती सोडली तरी चालेल. दोन्ही बाजू मिळून एक-दोन मिनिटं पुरतात, पण हे रोज व्हायला हवं. आठवड्यातून एकदा मन लावून घासण्याचा उपयोग नाही, कारण तोवर थर कडक झालेला असतो.

पेस्ट कुत्र्यांचीच हवी, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ब्रशच्या केसांत दाबून बसवलेली. वर ठेवली तर तो नुसती चाटून टाकतो. माणसांची पेस्ट कधीही नको: कुत्रं थुंकत नाही, फ्लोराइड पोटात जातं, आणि त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर थोडंसंही जीवघेणं ठरू शकतं. पेस्ट मिळाली नाही तर ओला ब्रशही चालतो, कारण मुख्य काम केसांच्या घासण्याचंच आहे. पहिल्या आठवड्यात किंचित रक्त दिसलं तर घाबरू नका, पण पुढेही येत राहिलं तर दाखवा.

चघळायच्या काड्या जोडीला द्या, ब्रशऐवजी नाही. त्यांचे उष्मांक रोजच्या आहारातून वजा करा, कारण एवढ्याशा कुत्र्याला तेही जड होतात. हाडं, शिंगं, खूर मात्र देऊ नका. ज्यात नख रुतत नाही ते दातापेक्षा कडक समजा. त्यानेच तो मागचा मोठा दात उभा तडकतो.

डोळ्याखाली सूज, एका नाकपुडीतून स्राव आणि शिंका, एकाच बाजूने चावणं, तोंडातला घास खाली पाडणं, तुटलेला दात, यातलं काहीही दिसलं तर ब्रश थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा. तो खातोय म्हणजे दुखत नसेल असं धरू नका. दाताला पू झालेला असतानाही कुत्री जेवत राहतात.