पिंप बुडायला किती वजन लागते?

प्रिय मित्रा,

तुझे हस्तलिखित आणि सोबतचे लांबलचक पत्र मिळाले. पत्र मी तीनदा वाचले, कारण त्यातला गोंधळ खरा आहे आणि मला तो परका नाही. एक वाचक तुला सांगतो की यंत्राचे तपशील काढून टाक आणि पाठलाग वाढव. दुसऱ्या वाचकाचे म्हणणे असे की दहा वर्षांच्या मुलांना हिशेब कुठे कळतात, तेव्हा पाणबुडी चालवायला एखादा चमत्कारी निळा खडा घाल. या दोघांपैकी कोणाचे ऐकू, असे तू विचारतोस. कोणाचेच ऐकू नकोस. सातव्या प्रकरणातली पाणबुडी तू स्वतः करून पाहिलीस का, एवढेच मला विचारायचे आहे, आणि ते प्रकरण वाचल्यावर उत्तर विचारण्याचीही गरज उरलेली नाही.

तुझी अकरा वर्षांची नायिका दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपात बसते, ‘थोडे दगड’ आत घेते, झाकण लावते आणि तळ्याच्या तळाशी पोहोचते. आता पाहा. ते पिंप पूर्ण बुडले तर सुमारे २०० किलो पाणी बाजूला सारणार, म्हणजे सगळे मिळून वजन २०० किलोंच्या वर गेल्याशिवाय ते खाली जाणारच नाही. रिकामे पिंप वीसेक किलोंचे धरू, मुलगी पस्तीस किलोंची धरू. उरलेले १४५ किलो कुठून आले? एवढे दगड आत भरलेस तर ते पन्नासहून अधिक लिटर जागा अडवतील आणि तिला श्वासासाठी जेमतेम शंभर लिटर हवा उरेल. बाहेरून बांधलेस तर जवळजवळ अडीचशे किलो लागतील, कारण पाण्यात दगडाचे वजन कमी भरते. हे सगळे तू ‘थोडे दगड’ या दोन शब्दांत उरकलेस, याचा मला राग आला, कारण तुझी गोष्ट नेमकी तिथे होती. दहा-दहा किलोंच्या पंधरा खेपा कोण करणार? सहाव्या खेपेला तिचा मित्र बसकण मारणार, दोघांत वाजणार, अंधार पडू लागणार, आणि एखादे मोठे माणूस येऊन विचारणार की हे दगड चालले कुठे. तुला जे थरारक प्रसंग सुचत नाहीत म्हणून तू पाठलाग शोधत फिरतोस, ते त्या १४५ किलोंत पडून आहेत. करून पाहिले असतेस तर ते तुला आपोआप सापडले असते.

मूल करून पाहते, हे तू विसरलास. मीही विसरले होते. माझ्या पहिल्या पुस्तकात दोन भावंडे बाटलीत मूठभर वाळू भरून छोटी पाणबुडी करतात आणि ती ऐटीत पाण्याखालून जाते, असे मी लिहिले होते. चित्रकाराने सुंदर चित्रही काढले होते. काही महिन्यांनी एका मुलाचे पत्र आले. मूठभर वाळूने बाटली नुसती तरंगते, वाळू वाढवली की ती एका टोकाला घसरते आणि बाटली उभी राहते, चित्रातल्यासारखी आडवी कधीच राहत नाही, तर माझे काय चुकते, असे त्याने विचारले होते. त्याचे काहीच चुकत नव्हते. चूक माझी होती. सुटी वाळू उताराकडे धावणारच. वजन आडव्या बाटलीच्या खालच्या बाजूला, मध्यावर घट्ट बांधावे लागते. हे समजायला मला टबापाशी अकरा दिवस लागले, आणि तोवर मला इतकी लाज वाटू लागली होती की मी त्या मुलाला उत्तरच पाठवले नाही. ते पत्र अजून माझ्याकडे आहे. त्याने स्वतःलाच दोष दिला असेल आणि पुढे काही करून पाहणेच सोडले असेल, ही शंका मला आजही सोडत नाही.

तेव्हापासून जे यंत्र मी माझ्या टेबलावर, निदान छोट्या आकारात, करून पाहिलेले नाही, ते मी पुस्तकात ठेवत नाही. या हट्टापायी मी बरेच गमावले. दुसऱ्या पुस्तकातली फसलेल्या प्रयत्नांची तीन प्रकरणे कापा, असे प्रकाशकांनी सांगितले तेव्हा मी हस्तलिखित परत घेतले आणि पुढची चार वर्षे माझे काहीही छापून आले नाही. माझ्या बरोबरीच्या लोकांची डझनभर पुस्तके झाली, माझी चारच. पण त्या चारांतले प्रत्येक यंत्र, सांगितले आहे तसे केले, तर चालते, आणि जिथे ते फसते तिथे सांगितलेल्या कारणानेच फसते. हे मी तुला पटवते आहे की स्वतःला, असे लिहिता लिहिता मनात आले; असेल तसे, पण माझा निर्णय बदललेला नाही.

अपयशाच्या प्रकरणांत मुले कंटाळतात, हे तुला कोणी शिकवले? १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी त्यांना रबराच्या पिळावर उडणारे एक खेळणे आणून दिले, तेव्हा विल्बर ११ वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल ७ वर्षांचा. त्यांनी तसेच, पण मोठे खेळणे करून पाहिले. जितके मोठे केले तितके ते कमी उडाले. सगळी मापे दुप्पट केली की आठपट शक्ती लागते, हे त्यांना फार पुढे कळले. १९०१ मध्ये त्यांच्या ग्लायडरला हिशेबापेक्षा कमी उचल मिळाली, तेव्हा त्यांनी वाऱ्याचा बोगदा बांधून पंखांचे सुमारे दोनशे छोटे नमुने तपासले. १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे होते. तुझ्या पुस्तकात त्या बारा सेकंदांचीच प्रकरणे आहेत. मोठे खेळणे खाली का पडते, हे न कळून ते दोघे एकमेकांकडे पाहत राहिले असतील, ती संध्याकाळ मला वाचायची आहे.

अंधांसाठी ठिपक्यांची लिपी घडवणाऱ्या लुई ब्रेलचेही तसेच. त्याच्या हाती आलेल्या लिपीत एका चिन्हाला बारापर्यंत ठिपके होते आणि ते बोटाच्या एका टोकाखाली मावत नव्हते. पंधराव्या वर्षापर्यंत त्याने ते सहावर आणले. बोटाचे टोक केवढे असते, हे माप त्याच्या हातातच होते. तुझ्या नायिकेच्या हातात काय आहे?

निळ्या खड्याचा विचार मात्र काढून टाक. जादूच्या गोष्टी मलाही आवडतात आणि जादूचे पुस्तक लिहायचे असेल तर अवश्य लिही. पण जी मुलगी दीडशे पाने हातोडी घेऊन फिरते, तिच्या यंत्रात शेवटी खडा बसवणे म्हणजे तिचे सारे श्रम पुसून टाकणे आहे. आणखी एक गोष्ट, आणि इथे मी वाद ऐकणार नाही: तिला त्या बंद पिंपात बसवू नकोस. कुठल्या तरी तळ्याकाठी कुठले तरी मूल ते करून पाहील. आधी तिला मातीची बाहुली आत ठेवून पिंप खाली सोडू दे, वर ओढल्यावर झाकणाच्या फटीतून आत शिरलेले पाणी पाहू दे, आणि स्वतः आत न बसण्याचा निर्णय तिलाच घेऊ दे. त्या निर्णयाला धैर्य लागते, आणि तुझ्या साऱ्या पाठलागांपेक्षा मला त्याची ओढ जास्त वाटेल.

आता हस्तलिखित बाजूला ठेव. घट्ट झाकणाचा अर्ध्या लिटरचा एक डबा घे, त्यात थोडी थोडी वाळू भरत जा आणि तो नेमका कधी बुडतो ते वजनकाट्यावर तोलून लिहून ठेव. डबा आणि वाळू मिळून ५०० ग्रॅमपेक्षा थोडे जास्त वजन लागेल, कारण डब्याची स्वतःची जाडीही पाणी सारते. याचा शोध सातव्या प्रकरणात नायिकेला लागला तरी चालेल. बादली मात्र खोल घे. उथळ बादलीत डबा तळाला टेकतो आणि तो बुडाला आहे की नुसता टेकला आहे, हे कळत नाही. आकडे मिळाले की आधी ते मला पाठव, प्रकरण नंतर.

तुझी,
एक जुनी लेखिका